दाखल्यावरची तारीख

मंडळी, परवा कपाट आवरताना दादाचा मृत्यूचा दाखला हाती लागला. नाव, वडिलांचे नाव, गाव, तारीख. कशाने गेला ते मात्र त्यावर नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार कारण नोंदवहीत लिहितात, दाखल्यावर देत नाहीत.

दादा बोईसरला राहायचा. शेवटची पाच वर्षे खोकत होता, आणि गेला ऐन डिसेंबरात. वहिनी म्हणायची, "भाऊजी, धुराने नेलं यांना." मी म्हणायचो, "वहिनी, रोजचा विडीचा बंडलही होता ना!" वहिनी गेली, पण हा वाद मिटला नाही. म्हणून सवडीने या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर आणि धुके शहरावर बसून राहिले. माणसे आपापल्या घरी, रुग्णालयात गेली. कोणी न्यूमोनियाने, कोणी हृदयविकाराने. नोंदी एकत्र मोजल्या तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४००० मृत्यू जास्त भरले. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा १२००० पर्यंत नेला. म्हणजे हवेचा बळी एकेकटा पाहून ओळखता येत नाही, मोजणीतच तो दिसतो.

आपल्याकडेही हे काम लवकर सुरू झाले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील कमी-जास्त प्रदूषित वस्त्या आणि एक ग्रामीण भाग निवडून चार हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. पण तेव्हा भर सल्फर डाय ऑक्साइडवर होता. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकण, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक, फुफ्फुसात खोलवर जातात आणि हृदयालाही बाधतात, हे ठळकपणे पुढे यायला १९९३ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील सहा शहरांचा हार्वर्डचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८१११ लोकांवर १४ ते १६ वर्षे लक्ष ठेवले होते. वय, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला.

माझ्या विडीच्या मुद्द्याला खरे उत्तर मिळाले ते २०२४ मध्ये. मुंबई, पुणे धरून भारतातील दहा शहरांचे २००८ ते २०१९ मधील सुमारे ३६ लाख मृत्यू अभ्यासकांनी तपासले. यात माणसाची माणसाशी तुलना नाही. त्याच शहराच्या एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी आहे. विडी ओढणारे सोमवारी जितके, मंगळवारीही जवळपास तितकेच. बदलते ती हवा. ऋतू आणि तापमानाचा परिणाम वेगळा काढल्यावर दिसले की सूक्ष्मकण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५ आहे, आपली ६०. पंधराच्या वरच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यू एकूण मृत्यूंच्या ७.२ टक्के निघाले.

त्या दहा शहरांत आपला पालघर जिल्हा नाही. हवा, पाणी आणि जमीन मिळून केंद्रीय प्रदूषण मंडळाने काढलेल्या २०१८ च्या निर्देशांकात मात्र तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले होते. असल्या परीक्षेत पहिला नंबर आलेला कोणत्या मास्तरला आवडेल?

दादा कशाने गेला, हे शास्त्र मला सांगू शकत नाही. एका माणसाबद्दल ते बोलतच नाही. पण वहिनीला मी ज्या खात्रीने गप्प करत होतो, ती खात्री माझ्याजवळ नव्हती, एवढे कळले. तिला हे सांगायला हवे होते.

वाचकहो, एक विनंती. घरात कोणी गेले तर २१ दिवसांत नोंद करा, आळस करू नका. उद्या कोणी बोईसर-तारापूरचा असा हिशेब मांडायला बसला तर त्याला कारणाचा रकाना नसला तरी चालेल. गाव आणि तारीख मात्र लागेल.