कळलावीची वाटणी

झाडांची गुणसूत्रं दुप्पट करायला शास्त्रज्ञ कोल्चिसीन वापरतात, एवढं ठाऊक होतं. पण हेच कोल्चिसीन आपल्या कुंपणावरच्या कळलावीच्या कंदात आणि बियांत भरलेलं असतं, हे वाचलं आणि मी कामधाम सोडून या दोन्ही नावांमागे लागलो.

कोल्चिसीनचं बारसं परदेशी. काळ्या समुद्राकाठचा कोल्किस, म्हणजे आजचा पश्चिम जॉर्जिया, हे ग्रीक कथांतल्या जादूगारीण मीडियाचं माहेर. त्यावरून कोल्चिकम हे फूलझाड आणि त्या झाडावरून हे विष. १८२० साली पेल्तिए आणि कावांतू यांनी ते वेगळं काढलं. कळलावी त्याच कुळातली. ‘कोल’ आणि ‘कळ’ एकच असावेत, असं एक रात्रभर मलाही वाटलं होतं. सकाळी उतरलं.

मग ही कळ कुठली? वैद्यमंडळी सांगतात, बाळंतपणाची. कंदाचा लेप देऊन अडलेल्या बाईला कळा आणत, म्हणून कळलावी. संस्कृतात तिला गर्भपातिनी म्हणतातच, त्यामुळे बाजू भक्कम दिसते. मला मात्र ती पटत नाही. मराठीत बाळंतपणाच्या कळा येतात, बाई कळा देते. त्या कुणी ‘लावत’ नाही. लावली जाते ती भांडणाची कळ. संस्कृतात या वेलीचं आणखी एक नाव आहे, कलिकारी, कलह करणारी. आणि कलिकार कोण? नारद! मराठीतही कळलाव्या नारदच. एकच विशेषण देवर्षीला आणि वेलीला, दोन्ही भाषांत, हा योगायोग मी मानायला तयार नाही. सुईणींनी नावाला नवा अर्थ जोडला तो मागाहून, असं मी बेधडक म्हणतो. अडचण एकच: हिच्याच फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणणारेही आहेत. भांडकुदळ वेलीला एवढा मान कसा? पण गौरी माहेरवाशीण, तिला सगळं माफ.

आता गंमत बघा. पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या जोड्या दोन टोकांना ओढणारे बारीक धागे तयार होतात. कोल्चिसीन ते धागे बनूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट झालेली असतात, पण वाटणी होत नाही. सगळी एकाच पेशीत राहतात. घर फोडणारी म्हणून बदनाम झालेली वेल प्रत्यक्षात घराची वाटणीच अडवते.

१९३७ साली ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी अमेरिकेत कोल्चिसीनची ही करामत दाखवून दिली. ब्लेक्सलीचं लाडकं झाड धोतरा, म्हणजे विषाला विषाची संगत. पुढे जपानात किहारांनी २२ गुणसूत्रांच्या कलिंगडाचं ४४ चं केलं, दोघांचा संकर केला आणि ३३ चं बिनबियांचं कलिंगड निघालं. ते सगळ्यांना माहीत आहे.

माझा जीव अडकला तो कलमात. नागपुरी संत्र्याचा डोळा ज्या खुंटावर भरतात, त्यात जंबेरीबरोबर रंगपूर लिंबूही असतं. त्याची गुणसूत्रं १८. एका बीमधून दोन-तीन रोपं निघतात, त्यांतली बरीचशी आईची हुबेहूब नक्कल. अशा नकलांत क्वचित एखादं आपोआप ३६ चं होतं. कोल्चिसीननं ते मुद्दामही घडवता येतं. अर्थात सगळ्या पेशी एकदम वळत नाहीत, एकाच फांदीत १८ आणि ३६ ची सरमिसळ राहते. म्हणून शेंडे पुन्हापुन्हा निवडावे लागतात.

असा ३६ गुणसूत्रांचा खुंट घेऊन त्यावर मोसंबीच्या जातीचं साधं कलम केलं, तर वरचं झाड बदललेलं नसूनही पाणी तुटल्यावर जास्त तग धरतं, हे २०१३ साली रंगपूर लिंबावरच दाखवलं गेलं. निसर्गतः निपजलेल्या त्या ३६ च्या खुंटाच्या मुळांत अब्सिसिक आम्ल जास्त बनत होतं. ते वर चढतं आणि पानांची रंध्रं मिटवतं. फळाच्या जातीला हात लागत नाही, बदल सगळा जमिनीखाली. अशा खुंटावरचं झाड बहुधा बुटकंही राहतं.

गेल्या पावसात अंगणातल्या कळलावीला हात लावू नका म्हणून घरच्यांना बजावलं. कंद विषारी आहे, हे खरंच. पण बायको म्हणाली, ‘‘तुम्हालाच तिची कळ लागलीय.’’