पूल पार्टीत काय खेळायचं? आणि श्वास रोखायची पैज का नको?

मे महिना, फार्महाऊस, दहा-बारा मित्र आणि चार-पाच फूट पाणी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चिंचोटीहून भिवंडीकडे वळलं की कामण लागतं. या पट्ट्यात एका दिवसासाठी पूल घेतला, की पहिला अर्धा तास रील्समध्ये जातो आणि मग प्रश्न पडतो, 'आता काय?'

सोपा उपाय म्हणजे अंगणातला खेळ उचलायचा, पाण्यात टाकायचा आणि त्यातला एक नियम बिघडवायचा.

लंगडीच घ्या. छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर आपल्या वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार पडतो, त्यामुळे एका पायावर उभं राहणं सोपं होतं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्याने पुढे सरकताच येत नाही. शाळेत धावण्यात पहिला येणारा इथे सगळ्यांच्या मागे राहतो. 'शिवाजी म्हणतो'सुद्धा पाण्यात भारी रंगतो. चप्पल शर्यतीत रबरी स्लिपर पाण्यावर सोडायची आणि तिला हात न लावता, फक्त लाटा करून पलीकडे न्यायची. यात चिडीचा डाव हमखास होतो, म्हणून पंच आधीच ठरवा.

कलिंगड तर हवंच. वजनदार असूनही ते तरंगतं आणि खाली दाबलं की उसळून वर येतं. दोन संघ करून ते एकमेकांकडून पळवायचं. काही जण त्याला तेल चोपडतात. पूलच्या फिल्टरची आणि केअरटेकरच्या रागाची काळजी असेल, तर तेल नको. ओलं कलिंगड तसंही हातात राहत नाही.

'मार्को पोलो' म्हणजे पाण्यातली आंधळी कोशिंबीर. डोळे मिटलेला गडी 'मार्को' ओरडतो, बाकीच्यांनी 'पोलो' म्हणायचं आणि आवाजावरून त्याने पकडायचं. खऱ्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे. तिथला राजा समुद्री चाच्यांना सामील होता आणि त्याची अट एकच : लुटीतले घोडे मला द्यायचे! कामणही २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा 'कामण'ला 'चिंचोटी' असं उत्तर द्यायलाही हरकत नाही.

मग धोका कुठे आहे?

'पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं?' या पैजेत. श्वास घ्यायची घाई आपल्याला होते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीर तितक्या लवकर कळवत नाही. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले, तर कार्बन डायऑक्साइड खूप कमी होतो, पण ऑक्सिजन फारसा वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते. गुदमरल्यासारखं वाटण्याआधीच माणूस बेशुद्ध होतो, आणि पुढचा श्वास पाण्याखाली घेतला जातो.

हातपाय झाडणं नाही, ओरडणं नाही. काठावरच्यांना वाटत राहतं की हा जिंकतोय. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे होतं, आणि कमरेइतक्या पाण्यातही.

म्हणून खेळ कितीही वेडगळ असो, त्यात डोकं पाण्याखाली ठेवल्याचे गुण नकोत. विहिरीत मुटका किंवा सूर मारायची सवय असेल, तर तीही इथे नको. चार फुटांत डोक्यावर उडी घेतली तर मान तळावर आपटते.

बाद झालेल्याला एक काम द्या : पुढच्या डावापर्यंत काठावर बसून, मोबाइल बाजूला ठेवून, पाण्यातली डोकी मोजायची. दारू प्यायलेला मित्र पाण्यात नको आणि या मोजणीलाही नको. त्याला लांब खुर्चीवर बसवून गुण लिहायला द्या.

एखादं डोकं कमी भरलं तर 'मस्करी करतोय' म्हणत थांबू नका. त्याला बाहेर काढा आणि १०८ला फोन करा. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करा. हे येणारा गटात निदान एक जण असावा, आणि तो कोण ते पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांना ठाऊक असावं.

आणि हे खेळ पूलपुरतेच. चिंचोटीचा धबधबा कामणहून जवळ आहे, पण तिथल्या डोहाचा तळ दिसत नाही आणि पावसाळ्यात प्रवाह अचानक वाढतो. तिथे बुडून मृत्यू झाल्याने पावसाळ्यात अनेकदा बंदीचा आदेशही निघतो.