‘ताप’ या रकान्यातील इन्फ्लुएंझा : येडगावच्या संदर्भात एक टिपण

साथीची ऑनलाइन नोंद आणि लशीची उपलब्धता यांचा विचार प्रस्तुत लेखात गावाच्या बाजूने केला आहे. जुन्नर तालुक्यातील, कुकडीकाठचे येडगाव त्यासाठी समोर ठेवले आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची दुसरी, अधिक घातक लाट मुंबई इलाख्यात पसरली. पाऊसही त्या वर्षी फसला होता. गावोगावची मृत्युनोंद गावकामगार ठेवीत. त्यात पटकी, देवी, प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते, इन्फ्लुएंझाला नव्हता. त्याचे बळी बहुतांशी ‘ताप’ या रकान्यात, हिवतापाच्या बळींबरोबर नोंदले गेले. हा विषाणू माणसात सापडला तोच मुळी १९३३ मध्ये. हानीची व्याप्ती पुढे जनगणनेतून दिसली : आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २ कोटी १४ लाख होती, ती १९२१ मध्ये २ कोटी ८ लाखांवर आली.

२००९ मध्ये रोगाचे नाव आधीच ठाऊक होते. स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला आणि नमुने तपासणारी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही पुण्यातच होती. प्रशासनाने मात्र आधार घेतला तो प्लेगकाळातील, १८९७ च्या साथरोग कायद्याचा! सीरम इन्स्टिट्यूटची नाकावाटे द्यावयाची लस जुलै २०१० मध्ये आली. १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले.

एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. त्याचे साप्ताहिक उद्रेक-अहवाल संकेतस्थळावर येऊ लागले आणि एप्रिल २०२१ पासून ही नोंद नव्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर गेली. साधन बदलले, तरी पहिली नोंद उपकेंद्रातील आरोग्यसेविकाच करते. तिच्या ‘एस’ नमुन्यात रोगनिदान नसते, लक्षणे असतात : सात दिवसांहून कमी ताप, तीन आठवड्यांहून कमी खोकला. रोगाचे नाव ‘एल’ नमुन्यात, प्रयोगशाळेकडून येते. रुग्णाचा नमुना तेथवर पोहोचलाच नाही, तर संगणकावरही १९१८ चाच रकाना उरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लशीचे गणित याहून सोपे आहे. २०२१ मध्ये कोविन संकेतस्थळावर पिनकोड टाकताच जवळचे केंद्र दिसे, कारण मोफत मात्रा शासकीय केंद्रांवर पोहोचविल्या जात होत्या. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि येडगावच्या बहुतेक रहिवाशांना त्यासाठी खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात.