मिसिंग: येलदरीला थरथरलेली ८०० आणि २००० सालचा कायदा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं... अं...’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट येलदरीतून सुरू होते. जिंतूर तालुका, परभणी जिल्हा. पूर्णा नदीवरचं मोठं धरण, पायथ्याशी वीजघर. खाली गेलं की हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर धरण. पाणी बघायला गेलो होतो. पण बघत बसलो बोनेटखाली.

गाडी घरचीच. मारुती ८००, पासिंग एमएच २२, साल २००१. बोनेटवर नाही, पण मागच्या काचेवर अजून ते स्टिकर आहे: एमपीएफआय. पूर्ण नाव मल्टी पॉइंट फ्युएल इंजेक्शन. वडिलांनी ते स्टिकर कधी काढू दिलं नाही. तेव्हा त्याचा रुबाब होता ना!

तर ही गाडी काही दिवसांपासून मिसिंग मारत होती. सकाळी थंड असताना बरी. गरम झाली की स्लोला थरथर, आरशात मागची गाडी दिसायची ती दुहेरी. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास. आणि गंमत बघा, चढावर पाय दाबला की एकदम शहाण्यासारखी चालायची.

घाई का होती तेही सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमचं २०१६ ला झालं, २०२१ ला झालं, आता परत आलं. धुराच्या तपासणीत नापास म्हणजे विषय संपला. केंद्राच्या २०२१ च्या नियमात ‘व्हिंटेज’ गाड्यांना वेगळी सवलत आहे, पण त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. आमची ८०० म्हणजे ना धड म्हातारी, ना तरणी. शहरातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला. एकही कोड आला नाही. मग म्हणाले, कॉम्प्युटरच बदला, नाहीतर भंगारात द्या. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

आता जरा मागे जाऊ. ही ‘कॉम्प्युटरची गाडी’ जिंतूरपर्यंत आलीच कशी?

पेट्रोल इंजिनला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. वजनाने बघितलं तर साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी ८०० यांत हे काम कार्बोरेटर करायचा. आत जाणारी हवाच बारीक भोकातून पेट्रोल ओढून घ्यायची. बिघडलं की जेट काढा, फुंका, स्क्रू अर्धा आटा फिरवा. कान तयार असलेला मिस्त्री पाच मिनिटांत गाडी लावून द्यायचा.

विजेवर चालणारं इंजेक्शन पहिल्यांदा विकायला काढलं अमेरिकेत. बेंडिक्स कंपनीचं ‘इलेक्ट्रोजेक्टर’, १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत. सपशेल फसलं. त्या काळची इलेक्ट्रॉनिक्स बोनेटखालची उष्णता सोसेना, आणि बहुतेक गाड्यांना परत कार्बोरेटर बसवावे लागले. पण जर्मनीच्या बॉशने ती कल्पना हातात घेतली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये आणली. नाव डी-जेट्रॉनिक. यातला ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, जर्मनमध्ये दाब. हा शब्द लक्षात ठेवा, येलदरीला परत लागणार आहे.

तिथे इंजेक्शनला जोर आला तो कायद्यामुळे. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते आणि कार्बोरेटरला इतकं अचूक मोजमाप जमत नव्हतं. आपल्याकडे नेमकं हेच झालं, फक्त तीसेक वर्षांनी. १९९५ पर्यंत इंजेक्शन म्हणजे श्रीमंतांचं प्रकरण. त्या वर्षी पुण्यात मर्सिडीजची ई-२२० जुळवायला सुरुवात झाली, देवूची सिएलो आली. जिंतूरच्या गॅरेजवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? पण १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा ठरवून दिल्या. २००० च्या सुरुवातीला देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ हे धुराचे नियम सगळीकडे लागू झाले. आणि देशातल्या सर्वात सामान्य गाडीच्या, ८०० च्या काचेवर ते स्टिकर आलं.

कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांना यंत्रं मिळाली, प्रशिक्षण मिळालं. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला काय मिळालं? एक बंद पेटी आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. माझ्या मते आपल्या गाड्यांच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग आहे. नियम बरोबरच होते, हवा सुधारायला हवीच होती. पण ज्या हातांवर अर्धा देश गाड्या चालवत होता, त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता येलदरीला परत. गाडी बंद पडली आणि शेजारच्या चहावाल्याने एका मामांना बोलावलं. काम काय, तर शेतातले डिझेल पंप आणि ट्रॅक्टर. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

चूक माझी होती. कारण इंजेक्शन मराठवाड्याला नवीन नव्हतंच. डिझेल इंजिन पहिल्यापासून पंप आणि नोझलवर चालतं, आणि ते नोझल आपल्याच नाशिकला मायकोच्या कारखान्यात बनत आलेत. आता त्याला बॉश म्हणतात. हो, तीच बॉश. मामांची उमर नोझल तपासण्यात गेलेली.

मी म्हटलं, “मामा, कॉम्प्युटर गेलाय म्हणतात.”

“जाऊ द्या हो भाऊ. आधी वास घ्या. पेट्रोल जास्त जायलंय.”

मग त्यांनी गाडी चालू ठेवून इंजेक्टरच्या तीन पिनांपैकी एक काढली, लावली, दुसरी काढली, लावली, मग तिसरी. प्रत्येक वेळी इंजिनचा आवाज सारखाच खाली पडला. ८०० ला सिलेंडर तीनच. एखादा मेलेला असता, तर त्याची पिन काढल्यावर काहीच फरक पडला नसता. म्हणजे दोष एका सिलेंडरचा नाही, तिघांचा सामायिक आहे. प्लग, वायरी, इंजेक्टर एका फटक्यात संशयातून बाहेर. (हीच तपासणी जुने मिस्त्री प्लगची वायर ओढून करायचे. इंजेक्शनच्या गाडीवर तसं करू नका हं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून जळू शकतो. शिवाय झटका बसतो तो वेगळाच.)

मग तिघांचं सामायिक काय? या गाडीत कॉम्प्युटर हवा थेट मोजत नाही. इनटेकमधला दाब बघतो आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. १९६७ चा तोच ‘द्रुक’! दाब मोजणारा सेन्सर, आणि त्याच्याकडे जाणारी एक बारीक रबरी नळी. मामांनी ती बोटांनी वाकवली. टोकाला चीर होती, नखाएवढी.

आता कोडं सुटतं बघा. स्लोला इनटेकमध्ये दाब कमी असतो. चिरेतून बाहेरची हवा शिरली की सेन्सरला दाब जास्त वाटतो. कॉम्प्युटर समजतो, इंजिन जोरात ओढतंय, आणि पेट्रोल वाढवतो. म्हणून काळा धूर. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतंच, म्हणून सकाळी बरी. आणि चढावर पाय पूर्ण दाबला की इनटेकमधला दाब खरोखरच बाहेरच्या हवेइतका होतो. म्हणजे खोटं रीडिंग आपोआप खरं ठरतं! कोड आला नाही तोही यामुळेच. सेन्सर धडधाकट होता. त्याला चुकीची बातमी मिळत होती आणि तो ती इमानदारीने पुढे सांगत होता.

मामांनी नळीचं फाटलेलं टोक ब्लेडने कापलं, उरलेली परत घट्ट दाबून बसवली. काजळी धरलेले प्लग काढून घासले. चावी मारली. आरसा स्थिर.

“गावात गेल्यावर नवी नळी टाका. ही जुनी झाली, परत फाटंल.”

नवी नळी टाकली. पीयूसीला, म्हणजे धूर तपासायला, नेली. २००१ च्या आमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. त्याच्या बरीच आत आली. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि आरटीओच्या फाइलमध्ये ठेवला. तपासणीची तारीख अजून यायचीय.

पुढच्या भागात शिशाच्या पेट्रोलबद्दल बोलू. तोवर तुमच्याकडे कुणाची २००० च्या आसपासची गाडी असेल, तर एकदा बोनेट उघडा आणि त्या बारीक नळ्या बोटांनी वाकवून बघा. इंजिन बंद असताना, बरं का!