सूत्रकृमींचा प्रवास

पाणी मिळते, खत मिळते, तरीही एखाद्या वाफ्यातील टोमॅटोची झाडे दुपारच्या उन्हात माना टाकतात आणि पाने पिवळी पडत जातात. अशा वेळी दोष जमिनीच्या कसाला दिला जातो, क्वचित दैवालाही. परंतु झाड उपटून पाहिले, तर मुळांवर लहानमोठ्या गाठी आढळतात. या गाठींचा कर्ता म्हणजे सूत्रकृमी. बाल्यावस्थेत त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तोंडातील सुईसारख्या अवयवाने तो मूळ भेदतो, आत ठाण मांडतो आणि झाडाचे पोषण स्वतःकडे वळवितो. एक मादी शेकडो अंडी घालते व उष्ण हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी उभी राहते.

हा शत्रू माणसाला फार उशिरा दिसला. 1743 साली नीडहॅम या इंग्रज अभ्यासकाने गव्हाचा विकृत, काळवंडलेला दाणा उघडून त्यावर पाणी घातले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली आतील कोरडे तंतू वळवळू लागले. मुळांवरील गाठींतला कृमी उजेडात येण्यास त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. 1855 मध्ये बर्कले यांनी काचगृहातील काकडीच्या मुळांवर तो पाहिला. भारतात 1901 साली बार्बर यांनी निलगिरीतील देवाला येथे चहाच्या मुळांवर त्याची नोंद केली.

स्वतःच्या बळावर हा कृमी वर्षाकाठी जेमतेम हात-दोन हात सरकतो. त्याने समुद्र ओलांडले ते माणसाच्या खांद्यावर बसून. बटाट्याचा सोनेरी सूत्रकृमी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. 1961 साली जोन्स या शास्त्रज्ञांना तो उटकमंडच्या शेतात सापडला. याची मादी मरते, तेव्हा तिच्या देहाचा कठीण कोश बनतो आणि त्यात अंडी वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात. जवळ बटाट्याचे मूळ आले, की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्याने ती जागी होतात. म्हणूनच 1971 मध्ये निलगिरीतील बेण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर बंदी आली. कोशाचे कण मातीबरोबर चिकटून जात, आणि त्याची किंमत तेथील शेतकऱ्याला मोजावी लागली. पुढे कुफ्री स्वर्णा हे प्रतिकारक्षम वाण त्याच्या मदतीला आले.

महाराष्ट्रात हाच धडा डाळिंबाने दिला. सोलापूर-नाशिककडील बागांत मुळांवर गाठी धरतात आणि पुष्कळदा त्यांचे बीज रोपवाटिकेतील पिशवीभर मातीतूनच आलेले असते. भाजीचे पीक बदलता येते. वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या फळबागेला ती सोय नाही. एकदा शिरलेला कृमी जमिनीतून समूळ नाहीसा करणे जवळजवळ अशक्य असते; त्याची संख्या आवरणे तेवढे हाती उरते. झेंडूची मुळे त्याला रोखतात, ही गोष्ट अनेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कृमींवर जगणाऱ्या बुरशी शेणखतात वाढवून वापरण्याचा मार्ग दाखविला आहे.

तथापि सर्वांत स्वस्त उपाय रोप घेतानाच करावयाचा असतो. रोपवाटिकेची माती उन्हाळ्यात ओली करून प्लॅस्टिकखाली तापविलेली असावी, आणि खड्ड्यात उतरण्यापूर्वी एखाददुसऱ्या रोपाची पिशवी फाडून मुळे निरखावीत. दोनशे वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांनी जे भिंगाखाली शोधले, त्याची खूण तेथे नुसत्या डोळ्यांनाही दिसते.