मोर्तेलाचा बुरूज

कोर्सिका बेटाच्या उत्तर भागात सान फियोरेन्झोचे आखात आहे. फ्रेंच अमलात तेथील गावाचे नाव साँ फ्लोराँ असे रूढ झाले. या आखाताच्या पश्चिम काठावर, आग्रियात नावाच्या निर्जन व झुडपांनी व्यापलेल्या प्रदेशात, मोर्तेलाचा बुरूज आहे. गावाकडून किनाऱ्याच्या पायवाटेने चालत गेल्यास तो दृष्टीस पडतो. बुरूज उभा आहे हे म्हणणे मात्र अर्धेच खरे. त्याच्या वर्तुळाचा मोठा भाग कोसळलेला असून उरलेली भिंत कापलेल्या फळासारखी आपली आतली बाजू उघडी करून दाखविते. सुमारे बारा मीटर उंचीच्या या बांधकामाच्या भिंती किती जाड होत्या हे कोणी सांगावे लागत नाही. ते समोरच दिसते.

मोर्तेला म्हणजे मर्टल, भूमध्य सागराच्या काठी उगवणारे एक सुगंधी झुडूप. (एस्तेर राणीचे हदस्सा हे इब्री नावही याच झुडपावरून आलेले आहे.) या नावाचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच.

सोळाव्या शतकात कोर्सिकावर जिनोव्हाची सत्ता होती, आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारे चाचे बेटावरील गावेच्या गावे उठवून नेत. लुटीत धान्य व गुरे असतच. परंतु खरा माल म्हणजे माणसे. अल्जीयर्सच्या बाजारात ती विकली जात. या आपत्तीवर उपाय म्हणून किनाऱ्याभोवती बुरुजांची माळ उभारण्यात आली. मोर्तेलाचा बुरूज १५६० नंतरच्या काही वर्षांत पूर्ण झाला. अठराव्या शतकात अशा बुरुजांची संख्या सुमारे पंच्याऐंशी होती. समुद्रात संशयित शीड दिसले की माथ्यावर धूर किंवा जाळ करावयाचा, शंख फुंकावयाचा, आणि पुढील बुरुजाने ती खूण उचलून त्याच्या पुढच्यास द्यावयाची. तेवढ्या अवधीत शेतकरी व मेंढपाळ बायकापोरांसह डोंगराकडे धावत.

या बुरुजांवरील पहारेकऱ्यांना तोर्रेजानी म्हणत. त्यांचे वेतन गावकऱ्यांच्या पदरातून जाई आणि त्यांनी बुरुजातच राहावे असा दंडक होता. शिधा व पगार आणण्यासाठी एका वेळी एकानेच, आणि तेही फार तर दोन दिवस, बाहेर जावयाचे. रोज सायंकाळी शेजारच्या बुरुजांना अग्नीची खूण द्यावयाची. वर्षानुवर्षे काहीच न घडणे हेच ज्या कामाचे यश, ते काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करता येते. अशा माणसांची नावे इतिहासात सहसा राहत नाहीत.

ज्यांना खूण वेळेवर पोहोचली नाही त्यांच्यासाठी पुढे खंडणीचा मार्ग उरे. त्रैक्य संघ व मर्सिडेरियन संघ हे धर्मसंघ बाराव्या-तेराव्या शतकांपासून बंदिवानांची सुटका हेच आपले व्रत मानीत आले होते. मुक्तीसाठी द्यावयाचे मोल ही कल्पना ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकास ग्रंथांतून परिचित आहे. कोर्सिकातील कुटुंबांना ती घरच्या हिशेबातील बाब होती. तथापि हे चित्र एकरंगी नव्हे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ख्रिस्ती राज्यांच्या गलबतांवरही मुसलमान बंदिवान वल्ही मारीत. प्रसिद्ध सागरसेनानी तुर्गुत रईस १५४० मध्ये याच बेटावरील जिरोलाता येथे पकडला गेला आणि खंडणी भरल्यावरच सुटला. उलटपक्षी, बंदिवान होऊन गेलेला कोर्सिकाचा एक मुलगा धर्मांतरानंतर हसन कोर्सो या नावाने १५५६ मध्ये काही काळ अल्जीयर्सचा सत्ताधीश झाला.

मोर्तेलाला जगाने ओळखले ते मात्र या पहाऱ्यामुळे नव्हे. ७ फेब्रुवारी १७९४ रोजी ‘फॉर्टिट्यूड’ व ‘जुनो’ या दोन ब्रिटिश युद्धनौकांनी बुरुजावर मारा केला. दोहोंवर मिळून शंभराहून अधिक तोफा होत्या; बुरुजात फ्रेंचांची दोन-तीन तोफा आणि सुमारे तीस-पस्तीस माणसे. सुमारे अडीच तासांनंतर ‘फॉर्टिट्यूड’ला आग लागलेल्या अवस्थेत माघार घ्यावी लागली, तिच्यावरील सहा माणसे ठार व पन्नासहून अधिक जखमी झाली. अखेर जमिनीवरून डागलेल्या तापविलेल्या गोळ्यांनी कठड्याच्या आतील दोरखंडाचे अस्तर पेटले, तेव्हाच बुरूज शरण आला. याच बुरुजाने काही महिन्यांपूर्वी, १७९३ च्या सप्टेंबरात, एका ब्रिटिश युद्धनौकेपुढे जवळजवळ प्रतिकाराविना हार खाल्ली होती, हे स्तुतिपाठक सहसा सांगत नाहीत. भिंती त्याच होत्या. फरक आतील माणसांचा होता.

१७९६ मध्ये कोर्सिका सोडताना ब्रिटिशांनी हा बुरूज सुरुंगाने उडविला. आज दिसणारे भगदाड काळाने नव्हे, त्या सुरुंगाने पाडलेले आहे. परंतु त्याची धास्ती त्यांच्या मनातून गेली नाही. नेपोलियनच्या स्वारीच्या भयाने १८०५ ते १८१२ या काळात इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यांवर एकशे तीन बुरूज बांधले गेले. आयर्लंडमध्ये सुमारे पन्नास झाले, आणि १८३० नंतर मॉरिशसमध्येही, जेथे त्याच दशकापासून मराठी भाषिक मजूर उतरू लागले, असे बुरूज उभे राहिले. या सर्वांना ‘मार्टेलो’ म्हणतात. मोर्तेलाचे स्वर लिहिण्यात उलटसुलट झाले, आणि इटालियन भाषेत मार्टेलो म्हणजे हातोडा. झुडपाचा हातोडा झाला! नक्कल करणाऱ्यांनी जाड भिंत, गोल आकार व माथ्यावरील तोफ एवढेच उचलले. मूळ बुरुजाचे प्रयोजन मेंढपाळांना सावध करण्याचे होते, हे त्या नावातूनही पुसले गेले.

कोर्सिकात त्या मूळ माळेतील साठांहून अधिक बुरूज अद्याप शिल्लक आहेत. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीयर्स जिंकले, आणि ज्या शिडांसाठी ते बांधले होते ती त्यानंतर त्या क्षितिजावर आली नाहीत.