खिशात फक्त दात घासायचा ब्रश

आज गुरुवार, 2 मे 1963. तू दहा वर्षांची आहेस. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे, तिथे तुझं घर आहे. तुझा रंग काळा आहे. म्हणून आई ज्या दुकानात पैसे मोजून कपडे घेते, तिथल्याच काउंटरवर बसून तुला सँडविच खाता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळांवरसुद्धा पाट्या आहेत: गोऱ्यांचा वेगळा, तुमचा वेगळा.

आज तू शाळेला गेलेली नाहीस. या भेदभावाविरुद्ध मोर्चा काढायला सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेकडो मुलांच्या गर्दीत उभी आहेस. दप्तर आणलेलं नाही. खिशात दात घासायचा ब्रश तेवढा आहे, कारण आजची रात्र तुरुंगात जाणार हे तुला ठाऊक आहे.

मोठी माणसं का नाही जात? बाबा मोर्चात दिसले तर मालक त्यांना कामावरून काढून टाकेल. मग घरभाडं कुठून द्यायचं? एप्रिलमध्ये या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग स्वतः तुरुंगात जाऊन आले, तरी पुढे येणारे मोठे कमीच पडले. तेव्हा त्यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी शाळकरी मुलांना हाक दिली. तुमची नोकरी कोण घालवणार? त्यांनी तुम्हाला शिकवलंय: कोणी मारलं तरी हात उचलायचा नाही, शिवी दिली तरी उलट बोलायचं नाही.

दार उघडतं. उन्हाने डोळे दिपतात. दोघा-दोघांची रांग करून तुम्ही गात बाहेर पडता. मैत्रिणीचा हात घामाने निसटतोय, तू तो पुन्हा घट्ट धरतेस. समोर केली इनग्रॅम पार्क आहे आणि पोलीस आहेत. ते तुम्हाला गाडीत चढवतात, तोवर चर्चमधून पुढची तुकडी निघते. मग आणखी एक. गाड्या पुरत नाहीत, म्हणून शेवटी शाळेच्या बस मागवतात. पकडलेल्यांत नऊ वर्षांची ऑड्री हेंड्रिक्सही आहे. ती आठवडाभर कोठडीत राहील.

दुसऱ्या दिवशी शहराचा सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर मुलांवर कुत्रे सोडायला लावतो, अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे मारायला लावतो. त्या माऱ्याने मुलं रस्त्यावर घरंगळत जातात. ते फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतात आणि देशाला मान खाली घालावी लागते.

10 मे रोजी समझोता होतो: पाट्या उतरतील, काउंटर सगळ्यांना खुले होतील. पण द्वेष इतक्यात संपत नाही. 15 सप्टेंबरला तुझ्या याच चर्चमध्ये बॉम्ब फुटतो आणि चार मुली जातात. त्यांतली सर्वांत धाकटी अकरा वर्षांची, जवळपास तुझ्याच वयाची.

2 जुलै 1964 रोजी नागरी हक्कांचा कायदा होतो. हॉटेल, खाणावळ, थिएटर, कुठेही रंगावरून कोणाला अडवायचं नाही. कायद्याखाली सही राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची आहे. पण त्या सहीपर्यंत देशाला नेणाऱ्यांत तिसरी-चौथीतली मुलं होती, आणि आपण कशासाठी तुरुंगात जातोय हे त्यांना पक्कं माहीत होतं.